क्षारपड रानात हरळी कशी तगते?

कृष्णाकाठ, वाळवा:
वर्षानुवर्षे उसाला भरमसाट पाणी दिल्याने आमची काळी जमीन क्षारपड झाली असून उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो. ऊस तगत नाही, मात्र हरळी आणि सांडपाणी मिसळणाऱ्या चरातले पाणकणीस जोमात आहे. त्यांना क्षार बाधत नाहीत का?

वनस्पतिमित्र, सांगली:
बाधतात, पण त्यांच्याकडे उपाय आहेत. मातीतल्या पाण्यात मीठ वाढले की मुळांना पाणी शोषणे अवघड जाते. तेव्हा हरळी पेशींत प्रोलिनसारखे (हे एक अमिनो आम्ल) पदार्थ साठवून ती क्षमता टिकवते आणि जादा मीठ पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. पाणकणसाची अडचण निराळी: चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून ते पानांपासून मुळांपर्यंत गेलेल्या पोकळ ऊतींतून हवा खाली पोहोचवते. सांडपाण्यातले जड धातूही ते शोषते आणि बहुतांशी मुळांतच अडवून ठेवते. तरीही त्या चरातला पाला जनावरांना घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सडा, सातारा:
ताण केवळ प्रदूषणाचाच नसतो. कासच्या जांभ्या सड्यावर (खडकाळ पठारावर) मातीचा थर पातळ आणि नत्र अत्यल्प असल्याने दवबिंदू ही वनस्पती चिकट केसांवर कीटक पकडून ती उणीव भरून काढते.

कृष्णाकाठ, वाळवा:
आभारी आहे. मग हरळी वाढू दिल्यास जमीन सुधारेल का?

वनस्पतिमित्र, सांगली:
केवळ तेवढ्याने नाही. आधी निचऱ्याची सोय करावी लागेल. जमीन चोपण (सोडियमचे प्रमाण जास्त असलेली) असल्यास माती परीक्षणानुसार जिप्समही द्यावे लागेल.