कायाकचा आराखडा बदलायचाय: रुंदी वाढवू की लांबी?

तापीकाठचा (भुसावळ):
राम राम मंडळी. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला, पक्षी बघायला जाता यावं म्हणून घरीच प्लायवूडची कायाक (वल्ह्याने चालवायची निमुळती छोटी नाव) बांधतोय. तारेचे टाके घालून इपॉक्सीने (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या राळेने) सांधायची पद्धत. आराखडा १४ फुटी, रुंदी ६० सेंमी, पण ७५ किलोच्या माणसासाठी काढलेला. मी ९५ किलोचा, वर कॅमेरा, पाणी, डबा. सगळीकडे १० सेंमी रुंदी वाढवू का? ६ मिमीचा मरीन प्लाय आणलाय, अजून कापलेला नाही.

रंधा (जळगाव):
भाऊ, कापला नाही हे फार बरं. १० सेंमी नका वाढवू. नाव आडवी डोलू नये म्हणून जो जोर लागतो, तो पाण्यालगतच्या रुंदीच्या घनाने वाढतो. ६० ची ६६ केली तरी एक तृतीयांश फरक पडतो, तुम्हाला तेवढा पुरे. ७० केली तर दीडपटीच्या वर जाईल, पण वल्हं काठाला घासेल आणि दुपारच्या वाऱ्यात ओढताना खांदे भरून येतील.

वजनासाठी लांबी घ्या. नावेला आकार देणाऱ्या आडव्या साच्यांमधलं अंतर सारख्या प्रमाणात वाढवून १४ चे १५ फूट करा. १६ नको, ८ फुटी दोन फळ्या तिरप्या सांध्याने जोडल्या की १५ फुटांची नाव आरामात निघते, १६ ला तिसरी फळी लागेल. सांधा एकास आठ, म्हणजे ६ मिमीला ४८ मिमी. एवढं करून जे वजन उरेल त्याची काळजी नको. या मापाची नाव एक सेंटिमीटर जास्त बुडाली की १५-१८ किलो पेलते.

रुंदी मधोमध द्या, टोकांकडे शून्यावर आणा. असं केलं की तळाच्या आणि बाजूच्या पट्ट्यांच्या कडा जुळेनाशा होतात, म्हणून आधी जाड पुठ्ठ्याची एकास दहा प्रतिकृती करा. मेण लावा, टपात सोडा. माप दहा पट लहान तर वजन हजार पट लहान: तुम्ही, सामान, नाव मिळून १३५ किलो असाल तर प्रतिकृती आणि तिच्यात ठेवलेली वजनं मिळून सगळं १३५ ग्रॅम भरलं पाहिजे. पाणी कुठवर येतं तिथे पेन्सिलीची खूण करा. हे मी मनापासून सांगतोय, प्लायला हात लावण्याआधी हेच करा.

बैठक मात्र अजिबात उंच करू नका. तळापासून दोन बोटं, बस.

तापीकाठचा:
दादा, खूप आभार. वाऱ्यात नाव वळू नये म्हणून मागे खाली पातं लावू का?

रंधा:
लावा, पण वर ओढता येणारं. हतनूरला गाळ फार, काठाला पाणी उथळ. कायमचं पातं रुतून बसेल.

फायबरवाला (धुळे):
इपॉक्सीचं काम एप्रिल-मेत काढू नका भो. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत डब्यातला माल हातातच तापून घट्ट होतो. थोडा थोडा कालवा, लगेच पसरट ताटलीत ओता. आणि सकाळी कधीच लावू नका. लाकूड तापत जातं तशी आतली हवा बाहेर येऊन बुडबुडे धरतात. ऊन उतरल्यावर, लाकूड निवत असताना लावा. वरून ऊन झेलणारं व्हार्निश हवंच, नाहीतर इपॉक्सी उन्हाने खराब होतं. तळाला पांढरा रंग द्या.

पावसाळ्यात दरवाजे उघडे असताना पाण्यात उतरू नका. ४१ दरवाजे आहेत त्या धरणाला. लाइफ जॅकेट बारा महिने.