मदत हवी आहे: बाराव्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन बंद करायला सांगितलंय, पुढचं सगळं वार सांभाळते का?

पाऊसवेडी:

नमस्कार सगळ्यांना. माझा दहावा आठवडा संपत आलाय, आयव्हीएफ आहे, फ्रोजन एम्ब्रियो ट्रान्सफर, म्हणजे गोठवून ठेवलेला गर्भ गर्भाशयात सोडला. याआधी एकदा आठव्या आठवड्यात ठोके थांबले होते त्यामुळे यावेळी प्रत्येक गोष्टीची धास्ती वाटते, जरा समजून घ्या.

ट्रान्सफरच्या आधी गोळ्या देऊन गर्भाशयाचं अस्तर तयार केलं होतं, म्हणजे त्या महिन्यात माझं ओव्ह्युलेशन (बीज बाहेर पडणं) झालंच नाही. तेव्हापासून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, चालू आहे, सकाळ-संध्याकाळ आतून ठेवायच्या कॅप्सूल आणि एक दिवसाआड तेलातलं इंजेक्शन, कमरेखाली दोन्हीकडे गाठी झाल्यात, कुशीवर झोपलं की टोचतात, पण त्याची तक्रार नाही. उलट कॅप्सूल ठेवून अर्धा तास पडून राहते ना, तेव्हा वाटतं की बाळासाठी आपल्या हातात काहीतरी आहे. आता डॉक्टर म्हणाल्या की बारा आठवडे झाले की सगळं बंद, आता प्लासेंटा तयार झाली, ती बघेल. एवढं बोलून होईपर्यंत पुढची पेशंट आत आलीसुद्धा.

तर मला नीट समजून घ्यायचंय की ही वार म्हणजे प्लासेंटा हे काम कधीपासून घेते, आणि इतके आठवडे बाहेरून औषध मिळत असताना तिला कळतं कसं की आता आपण बनवायचंय? बाहेरच्या औषधाची सवय होऊन ती ढिली पडली तर? बंद करायच्या आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासून घ्यावं का? आणि गेल्या आठवड्यापासून मळमळ एकदम कमी झालीये, आधी पाणीसुद्धा टिकत नव्हतं आणि आता चक्क भूक लागते, त्याने तर जास्तच घाबरलेय, बीटा एचसीजी (गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी) परत करावी का?

प्लीज नुसतं पॉझिटिव्ह राहा असं नका सांगू, ते घरचे रोज सांगतात. आत काय चाललंय ते कळलं तर मला खरंच शांत वाटेल.

निळाई:

अगं माझंही सेम, फ्रोजन ट्रान्सफर, मलाही असंच बंद करायला सांगितलं होतं. पहिले दोन-तीन दिवस मी दर तासाला बाथरूममध्ये जाऊन बघायचे डाग पडलाय का, काहीही झालं नाही. लेक आता शाळेत जाते. तुझी भीती अगदी कळते गं. सविस्तर कुणीतरी जाणकार सांगतीलच.

ओपीडीतून:

मी स्त्रीरोग विभागात रेसिडेंट आहे. तुमची केस मी पाहिलेली नाही त्यामुळे औषध कधी थांबवायचं हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण आत काय चालतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, वार बाराव्या आठवड्यात कामाला लागत नाही. गर्भ अस्तरात रुजतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी, ज्यांची पुढे वार होते, त्या तेव्हापासूनच हार्मोन बनवायला लागतात. तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली ती याच पेशींच्या एचसीजीमुळे. आता नैसर्गिक गरोदरपणात काय होतं, ज्या जागेतून बीज बाहेर पडतं तिथे ओव्हरीवर एक पिवळसर पिंड तयार होतो, कॉर्पस ल्युटियम, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. एरवी तो साधारण दोन आठवड्यांत सुकतो आणि पाळी येते. एचसीजी त्याला सुकू देत नाही, हेच त्याचं सुरुवातीचं मोठं काम. तुमच्या त्या सायकलमध्ये ओव्ह्युलेशनच नव्हतं म्हणजे हा पिंडच नव्हता, म्हणून प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावं लागलं. तुमची कॅप्सूल त्या पिंडाच्या जागी होती, वारेच्या जागी नाही. हा फरक लक्षात घेतला की बरीचशी भीती कमी होईल असं मला वाटतं.

वार स्वतःचं प्रोजेस्टेरॉन आईच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवते. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून ते हळूहळू वाढतं आणि साधारण ७ ते ९ आठवड्यांच्या दरम्यान ती एकटी पुरेशी पडायला लागते. हे आकडे अंदाजाने आलेले नाहीत, १९७० च्या दशकात चापो नावाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की कॉर्पस ल्युटियम सातव्या आठवड्याच्या आत काढला तर प्रोजेस्टेरॉन घसरून गर्भपात होतो, नवव्या आठवड्यानंतर काढला तर गरोदरपण सहसा चालू राहतं. म्हणजे १२ आठवडे म्हणतात त्यात आधीच हाताशी वेळ राखलेला आहे. दिवस भरत येतात तेव्हा तर वार रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन बनवत असते.

सवयीचा प्रश्न चांगला विचारलात, बऱ्याच जणींच्या मनात असतो. ओव्हरीवर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा ताबा असतो, बाहेरून हार्मोन आलं की ती ओव्हरीला थांबवते, गर्भनिरोधक गोळ्या याच तत्त्वावर चालतात. वारेच्या प्रोजेस्टेरॉनवर पिट्युटरीचा असा ताबा नसतो. त्यामुळे तुमच्या कॅप्सूलमुळे वार ढिली पडेल ही काळजी सोडून द्या.

रक्ततपासणीचं म्हणाल तर मी सहसा करायला सांगणार नाही. आतून ठेवलेलं प्रोजेस्टेरॉन बरंचसं गर्भाशयाजवळच शोषलं जातं, रक्तात आकडा कमी दिसू शकतो आणि पेशंटची झोप उडते. प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणाऱ्या डायड्रोजेस्टेरॉनची गोळी चालू असेल तर ती या तपासणीत मोजलीच जात नाही. त्यापेक्षा ११ ते १३ आठवड्यांत जी एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) असते ती वेळेवर करा, ठोके आणि वाढ दिसली की वार काम करतेय हे दिसलंच.

मळमळ: एचसीजी साधारण ८ ते ११ आठवड्यांत सगळ्यात वर असतं आणि मग स्वतःहून बरंच खाली येतं. म्हणून आता बीटा केलीत तर आकडा उतरलेला दिसू शकतो आणि तो नॉर्मल असू शकतो, कृपया करू नका. शिवाय २०२३ मध्ये आलेल्या संशोधनात मळमळीचा संबंध जीडीएफ१५ नावाच्या हार्मोनशी जोडलाय, तेही मुख्यतः बाळ-वारेकडूनच येतं, आणि ज्या बाईच्या शरीराला गरोदरपणाआधी त्याची सवय कमी तिला त्रास जास्त. या टप्प्यावर मळमळ ओसरणं अगदी नेहमीचं आहे. मागच्या वेळचा अनुभव आहे म्हणून मनाला पटायला वेळ लागेल, तर मध्ये एकदा ठोके बघून घ्यायचे का असं डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात संकोच कसला.

गृहिणी_उवाच:

मी तर म्हणेन बंदच करू नकोस. मी आठव्या महिन्यापर्यंत घेत होते, काही नुकसान झालं नाही. रिस्क कशाला घ्यायची?

ओपीडीतून:

गृहिणी, तुम्हाला बहुतेक वेगळ्या कारणासाठी दिलं असेल. गर्भाशयाचं तोंड स्कॅनमध्ये आखूड दिसलं तर वेळेआधी बाळंतपण होऊ नये म्हणून प्रोजेस्टेरॉन बरंच पुढपर्यंत देतात. आधी गर्भपात झालेला असेल आणि आता सुरुवातीला रक्तस्राव होत असेल तर ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या सूचनेनुसार १६ आठवड्यांपर्यंत देतात. पाऊसवेडी, तुम्हाला डाग दिसत असतील तर ते डॉक्टरांना नक्की सांगा, मग त्या तारीख बदलतील. पण दुसरीच्या प्रिस्क्रिप्शनवरून स्वतः वाढवू नका आणि घाईने आधी थांबवूही नका.

पाऊसवेडी:

डॉक्टर, किती आभार मानू कळत नाही, तुमचं उत्तर नवऱ्यालाही वाचून दाखवलं. डाग अजिबात नाहीत. कॅप्सूल पिंडाच्या जागी होती हे वाचून खरंच हलकं वाटलं, म्हणजे इतके दिवस मी समजत होते की बाळ माझ्या कॅप्सूलवर टिकलंय आणि वार बिचारी केव्हाची कामाला लागलेली.

अजून एक, इस्ट्रोजेनच्या गोळ्यापण चालू आहेत, त्याही बंद करायच्यात, तेही वारच बनवते का? आणि माझ्या आईला डायबेटिस आहे, वारेच्या हार्मोन्समुळे शुगर वाढते असं वाचलं, ते खरं का?

ओपीडीतून:

इस्ट्रोजेनची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. वार ते अगदी मूळ कच्च्या मालापासून एकटीच्या बळावर बनवू शकत नाही, त्यासाठी लागणारं एक एन्झाइम तिच्याकडे जवळजवळ नसतंच. कच्चा माल ॲड्रिनल ग्रंथींकडून येतो, सुरुवातीला आईच्या आणि पुढे मोठा वाटा बाळाच्या. बाळाच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या त्या ग्रंथी डीएचईए सल्फेट हा कच्चा माल सोडतात, त्यातलं काही बाळाच्या यकृतातून जाऊन येतं, नाळेतून वारेत पोचतं आणि तिथे त्याचं इस्ट्रोजेन होऊन तुमच्या रक्तात येतं. म्हणजे गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढवणारं, स्तन दुधासाठी तयार करणारं हार्मोन बाळ आणि वार दोघं मिळून बनवतात.

एक गोष्ट मात्र पुढच्या भेटीत आठवणीने विचारा. कॉर्पस ल्युटियम नसलेल्या गरोदरपणात पुढे बीपी वाढण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलंय, त्या पिंडातून रिलॅक्सिनसारखे रक्तवाहिन्या सैल ठेवणारे पदार्थही येतात, तेही एक कारण असावं. घाबरायचं नाही, पण दर भेटीत बीपी मोजलं जातंय ना बघा आणि कमी डोसची ॲस्पिरिन तुम्हाला लागेल का ते विचारा, द्यायची असेल तर ती १६ आठवड्यांच्या आत सुरू करणं चांगलं.

शेवंती:

शुगरचं मी सांगते, मला होती. वारेतून एचपीएल नावाचं हार्मोन येतं, अजूनही दोन-तीन असतात, ते आईच्या पेशींना इन्सुलिन नीट वापरू देत नाहीत म्हणजे साखर रक्तात जास्त वेळ राहते आणि बाळाला मिळते, प्रत्येक गरोदर बाईत होतं हे, फक्त काहींचं स्वादुपिंड तेवढं जास्तीचं इन्सुलिन बनवू शकत नाही. वार जशी मोठी होते तसं वाढतं म्हणून ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत असते, पण तुझ्या आईला आहे तर आत्ताच एकदा करून घे, मलाही लवकर करायला लावली होती. माझं इन्सुलिन शेवटच्या दोन महिन्यांत सारखं वाढवावं लागलं आणि वार बाहेर पडली त्याच दिवशी बंद केलं, लावावं लागलंच नाही परत. तेव्हा कळलं ती केवढं काय काय चालवत होती. हो आणि दूधपण, वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन उतरतं तेव्हाच दूध भरून येतं, मला तिसऱ्या दिवशी आलं, पहिल्या दिवशी थेंबच येतात त्याने तू घाबरू नकोस.

पाऊसवेडी:

शेवंतीताई, शुगर या आठवड्यातच करून घेते. पुढच्या भेटीत विचारायचं लिहून ठेवलंय, बीपी आणि ॲस्पिरिन, दोन्ही औषधं एकदम थांबवायची की कमी करत, आणि एनटी स्कॅनची तारीख बंद करायच्या आधीची मिळते का. एकच राहिलं, इंजेक्शनं थांबल्यावर या गाठी जातात ना? एक बाजू जरा जास्त दुखते.

ओपीडीतून:

जातात, पण तेल हळूहळू शोषलं जातं त्यामुळे काही आठवडे, कधी महिनेही लागतात. कोमट शेक चालू ठेवा, फार कडक नको, चालणं ठेवा. दुखते त्या बाजूची कातडी लाल, गरम, ताणलेली वाटली किंवा ताप आला तर पुढच्या भेटीची वाट न बघता दाखवा, आणि उरलेली इंजेक्शनं दुसऱ्या बाजूला घेता येतील का ते तिथल्या सिस्टरांना विचारा.