‘पैज’, ‘सट्टा’, ‘जुगार’ आणि ‘साटेलोटे’ : फुटबॉलच्या लेखासाठी कोणता शब्द घ्यावा?

प्रश्न (रामबाग, इंदूर) :
आमच्या मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी मी इंग्लंडमधील फुटबॉलवर लेख लिहीत आहे. २०२५-२६ चा हंगाम संपल्यावर जर्सीच्या छातीवर बेटिंग कंपन्यांची नावे घ्यायची नाहीत, असे प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये ठरवले. बाहीवर आणि मैदानाच्या कडेच्या फलकांवर मात्र ती चालणार आहेत. या कंपन्यांना आणि क्लबांशी असलेल्या त्यांच्या संबंधाला मराठीत काय म्हणावे, येथे माझे लेखन अडले आहे. हिंदीच्या सहवासाने आम्ही घरी सरसकट ‘सट्टा’ म्हणतो, तर आत्या ‘पैज’ सुचवते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
आत्याबाईंचा मान राखून सांगतो, ‘पैज’ येथे घेऊ नये. हा शब्द ‘प्रतिज्ञा’पासून आलेला आहे. पैजेचा विडा उचलणारा स्वतःचा शब्द पणाला लावतो आणि समोरचाही त्याच्या बरोबरीचा असतो. कंपनीपुढे ही बरोबरी उरत नाही, कारण भाव तीच ठरवते आणि ठरवतानाच आपला नफा त्यात धरून ठेवते. ‘सट्टा’ अधिक जवळचा आहे, परंतु मराठीत त्याला शेअर आणि कापसाच्या बाजाराचाही अर्थ चिकटलेला आहे. शिवाय ‘सट्टेबाज’ म्हटले की पैसे लावणारा कोण आणि घेणारा कोण, हे वाचकाला कळत नाही. या कंपन्या कॅसिनोचे खेळही चालवतात, म्हणून ‘जुगार कंपनी’ हाच शब्द मला योग्य वाटतो. ब्रिटनच्या २००५ च्या कायद्याचे नावही जुगाराचेच आहे.

‘बेटिंग’ या उसन्या शब्दाने गोष्ट सौम्य भासते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. ब्रेंटफर्ड क्लबचा खेळाडू आयव्हन टोनी याच्यावर सट्टाविषयक नियमांच्या २३२ उल्लंघनांसाठी २०२३ मध्ये ८ महिन्यांची बंदी आली, तेव्हा त्याच्या क्लबच्या जर्सीवर हॉलिवूडबेट्स या जुगार कंपनीचेच नाव होते. खेळाडूच्या हातून घडले तर ‘सट्टा’ आणि क्लबच्या छातीवर झळकले तर ‘बेटिंग’, असा भेद भाषेने करू नये.

आता संबंधाविषयी. ‘आश्रयदाता’ चालणार नाही. होळकरांनी क्रिकेटला दिला तो आश्रय. त्यांच्या संघाने रणजी करंडक ४ वेळा जिंकला, पण प्रेक्षकाने पैसे हरावेत यावर तो आश्रय उभा नव्हता. ‘प्रायोजक’ अचूक आहे, मात्र त्याने व्यवहाराची एकच बाजू दिसते. मी ‘साटेलोटे’ सुचवेन. साटे म्हणजे मोबदला, अदलाबदल. एका घरची मुलगी देऊन त्याच घरची करून घेण्याच्या रीतीला हा शब्द होता आणि माळव्यात, राजस्थानात तिलाच ‘आटा-साटा’ म्हणतात. क्लबने आपले चाहते द्यायचे आणि कंपनीने पैसे, असाच हा व्यवहार आहे.

उत्तर २ :
‘जुगार कंपनी’ला माझी पूर्ण संमती आहे. ‘साटेलोटे’ मात्र जपून वापरावे, कारण आजच्या मराठीत त्याला आतून संगनमत केल्याचा वास येतो आणि जर्सीचे करार तर जाहीरपणे होतात. त्यांच्यासाठी ‘प्रायोजकत्वाचा करार’ एवढेच लिहावे. स्टोक सिटी या क्लबसारख्या ठिकाणी, जेथे क्लब आणि बेट ३६५ ही कंपनी यांच्यामागे कोट्स हे एकच कुटुंब आहे आणि मैदानालाही कंपनीचेच नाव आहे, तेथे ‘लागेबांधे’ हा शब्द अधिक नेमका बसतो. त्यात गुंता येतो आणि गुन्ह्याचा आरोप येत नाही. इटलीने २०१८ च्या अध्यादेशाने जुगाराच्या जाहिरातींवरच बंदी आणली, त्याविषयी लिहिताना ‘फारकत’ शोभेल. प्रीमियर लीगने केवळ छातीवरचे नाव काढले आहे, तेव्हा तेथे तो शब्द घालू नये.