ओएलईडी मॉनिटर: वॉरंटीत बर्न-इन लिहिलेलं नसेल तर घेऊ नये

विश्रामबागकर: वॉरंटीच्या कागदावर बर्न-इनचा (म्हणजे स्क्रीनवर कायमचा राहणाऱ्या ठशाचा) स्पष्ट उल्लेख नसेल, तर 50-60 हजारांचा ओएलईडी गेमिंग मॉनिटर सांगलीत राहून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. या पॅनेलचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि वापराने झिजतो, त्यातही निळा सगळ्यात लवकर. टास्कबार किंवा गेमच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा (मिनी-मॅप) रोज तासन्‌तास एकाच जागी राहिला की तेवढी पट्टी वेगळी झिजते. मग पूर्ण स्क्रीन करडी केली की ठसा उठून दिसतो. दुकानात विचारलं तर "3 वर्षं वॉरंटी आहे की!" पण कशाची? 2022 मध्ये डेलच्या एलियनवेअरने क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) मॉनिटर आणला तेव्हा 3 वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इन धरलं होतं. एका कंपनीला जमतं, तर बाकीच्यांनी का लिहून देऊ नये?

पोवईनाका_सातारा: दादा, पटलं नाही. अशा भीतीपायी लोक चांगल्या वस्तूला मुकतात. टास्कबार लपवा, वॉलपेपर काळा ठेवा, ब्राइटनेस आवरा, पिक्सेल शिफ्ट (चित्र अधूनमधून किंचित सरकवणारी सोय) चालू ठेवा. बहुतेक मॉडेल्स साधारण 4 तास वापर झाला की स्टँडबायमध्ये पिक्सेल रिफ्रेश (पिक्सेलची झीज सारखी करायची प्रक्रिया) करतात. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय, मग तो होणार कधी? आणि गेममधली अंधारी गुहा एकदा ओएलईडीवर बघा. आयपीएसवर (मागून दिवा असलेल्या नेहमीच्या एलसीडी स्क्रीनवर) तीच गुहा राखाडी दिसते.

विश्रामबागकर: गेमचं ठीक आहे हो. पण दिवसभर त्याच स्क्रीनवर एक्सेल आणि कोड असतो, त्याचं काय? टास्कबार लपवला तरी शीटचा वरचा मेनू तिथेच. त्यात रिफ्रेश चालू असताना लाईट गेली की तो अर्धवट. ही सगळी काळजी गिऱ्हाइकाने घ्यायची आणि कंपनीने एक ओळ लिहून द्यायची नाही?

मिरज_जंक्शन: विश्रामबागकरांशी सहमत. माझ्या चुलतभावाच्या मॉनिटरवर ठसा आला, तर कंपनीने "वापराचा परिणाम, दोष नाही" म्हणून हात वर केले. अजून एक सांगतो, परदेशातून कोणाकडून मागवू नका. वॉरंटीच्या अटी देशागणिक बदलतात. तिकडच्या वेबसाइटवर बर्न-इन कव्हर दिसलं म्हणून भारतातल्या मॉडेलला ते असेलच असं नाही.

पोवईनाका_सातारा: त्यासाठी कायदा आहे ना. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा.

विश्रामबागकर: करू की. पण आयोगापुढे दाखवायला लेखी काहीतरी हवं. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीला ईमेल करा: मॉडेल नंबर लिहा, "बर्न-इन भारतात कव्हर आहे का, किती वर्षं?" असं थेट विचारा आणि आलेलं उत्तर बिलासोबत जपून ठेवा. उत्तर गोलमोल आलं तर मी तरी तो मॉनिटर घेणार नाही.

पोवईनाका_सातारा: ईमेल जरूर करा, ते मान्य. पण उत्तर नीट आलं नाही म्हणून मी काही आयपीएसवर परत जाणार नाही.