'बर'ला मराठीत काय म्हणता? आणि 'मऊ दगड' म्हणजे कसला?

तुर्भेकरीण: रबाळ्याच्या एका कारखान्यासाठी ग्राइंडिंगचे दगड कसे निवडावेत, याची पुस्तिका मराठीत करतेय. दोन जागी गाडं अडलंय. भोक पाडल्यावर किंवा पत्रा कापल्यावर कडेला जी बोचरी कोर उभी राहते, ती 'बर'. मी 'कुसळ' लिहिलं. सुपरवायझर म्हणाले, मॅडम, कुसळं शेतात. दुसरं वाक्य: 'कठीण धातूला मऊ दगड'. एका हेल्परने विचारलं, मऊ म्हणजे रबराचा का?

कानस: वागळे इस्टेटला २२ वर्षं काढली. बर म्हणजे बर. 'बर काढ, कड मोड' एवढं सांगितलं की पोरगं कामाला लागतं.

शुद्धमती: आणि 'बर काढ' म्हटल्यावर तो 'बरं' म्हणतो, तेव्हा कळतं कसं? मराठीत 'धस' आहे की! खिळ्याची धस लागून सदरा फाटतो ना, तीच. धसकट त्याच घरातलं.

कानस: आधी 'बर आला' की 'बर आली' ते ठरवा. आमच्या शॉपमध्ये दोन्ही चालायचं, भांडण कधी झालं नाही.

जुनीवही: धस चांगला आहे, पण धस लागते. बर नुसती असते, लागायच्या आधीपासून. असो. कोणी 'कुरुंद' का आठवत नाही? पोलादाला जो अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड लावतात, तो मुळात कुरुंदच, भट्टीत केलेला. इंग्रजांनी कोरंडम हा शब्द आपल्याकडूनच उचलला, संस्कृतात कुरुविंद. कुरुंदवाडचं नावही त्यावरूनच पडलं असणार.

शुद्धमती: मग 'कुरुंदचक्र' लिहा!

कानस: दुकानात जाऊन मागून बघा. पूजेचं सामान हातात देतील.

जुनीवही: गंमत म्हणजे कार्बोरंडम, घासायचा दुसरा दगड, त्याचं नाव चुकीतून आलंय. तो बनवणाऱ्या अमेरिकन अॅचेसनला वाटलं, आपल्या भट्टीत कार्बन आणि कोरंडमचा संयोग झालाय. निघालं सिलिकॉन कार्बाइड. पेटंट १८९३चं. चूक कळली, नाव राहिलं. म्हणून म्हणतो, व्युत्पत्तीवर फार विसंबू नये.

कानस: आणि कुरुंदवाड?

घणसोलीकर: मऊ-कडकचं मूळ दाण्यात नाही, दाणे धरून ठेवणाऱ्या बांधणीत आहे. कठीण पोलादावर दाणे लवकर बोथट होतात. बांधणी सैल असली की बोथट दाणा गळतो आणि खालचा धारदार दाणा वर येतो. घट्ट असली तर बोथट दाणे तसेच चिकटून राहतात, दगडाला तकाकी येते, जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, जळून निळा पडतो. आमच्या घरी भातशेती होती तेव्हा हळवं आणि गरवं भात असायचं. हळवं लवकर येतं, लवकर सरतं. गरवं दिवाळी उलटली तरी उभं. मी पोरांना 'हळवा दगड, गरवा दगड' असंच सांगतो. रबराचा का, असं एकानेही विचारलं नाही.

तुर्भेकरीण: अहो, हे फार छान आहे! दगडावर 'ए ६० के ५ व्ही' असं छापलेलं असतं, त्यातला 'के' म्हणजे हीच बांधणी ना? 'ए' सगळ्यात सैल, 'झेड' सगळ्यात घट्ट.

घणसोलीकर: हो. मधल्या अक्षरांना निमगरवा म्हणा. फक्त सुरुवातीचा 'ए' वेगळा, तो दाण्याचा. ६० हा दाण्याचा नंबर, आकडा वाढला की दाणा बारीक.

शुद्धमती: हळवा म्हणजे पटकन डोळ्यांत पाणी येणारा. दगड रडतो का?

कानस: अॅल्युमिनियमवर लावा, रडेल! पोलादाचा दगड अॅल्युमिनियमला कधी लावू नका. धातू छिद्रांत भरतो, दगड तापतो, फुटूही शकतो. पुस्तिकेत हे ठळक छापा, शब्द कुठलाही वापरा. तिथे फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती, नाहीतर शेवटचा हात फिरवायला नायलॉनचं चाक.

शुद्धमती: फ्लॅप डिस्कला 'पाकळीचकती' म्हणता येईल.

जुनीवही: पाकळी नको, 'पापुद्रा'. एकावर एक चढवलेले असतात.

कानस: पापुद्रा करंजीला.

तुर्भेकरीण: सुपरवायझरना 'हळवा' दाखवला. हसले, पण राहू द्या म्हणाले. बरचं मात्र राहिलंच. उद्या छपाईला जातंय.

कानस: बर लिहा.

शुद्धमती: धस.