बेळगावहून जर्मनीला सहकुटुंब: पैसे, घर आणि मुलांची शाळा यांबद्दल सल्ला हवा

वडगावची
नमस्कार मंडळी. नवऱ्याला स्टुटगार्टजवळ मशीन डिझाइनची नोकरी मिळाली आहे, ब्लू कार्डावर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना). १ सप्टेंबरला रुजू व्हायचं आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. मुलगी अडीच वर्षांची. खानापूर तालुक्यात नवऱ्याच्या नावावर दोन एकर शेती, बेळगावात फ्लॅट (कर्ज चालू आहे), थोड्या ठेवी बँकेत, थोड्या सोसायटीत. सगळ्यांनी एकदम जावं की मागाहून? पैसे किती न्यावेत, इथल्या खात्यांचं काय करावं, मुलाला कुठल्या शाळेत घालावं? कागदपत्रांत काही राहू नये म्हणून आधीच विचारते.

उद्यमबाग
ताई, पैशाच्या आधी नावांकडे बघा. आपल्याकडच्या माणसांचं निम्मं अडतं ते नावावरच.

चौघांचे पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला आणि मुलाचा शाळेचा दाखला एका टेबलावर मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवा. कन्नडमधून इंग्रजीत उतरताना कुलकर्णीचं 'कुलकर्णि' किंवा 'कुलाकर्णी' होतं, चव्हाणचं 'चौहान' होतं. मराठी शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी असतं, म्हणून कधीकधी आडनावाच्या रकान्यात बापाचं नाव जाऊन बसतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो इथेच भरून घ्या. तिकडच्या कचेरीत कोऱ्या आडनावाने एकदा नोंद झाली की पगारपत्रकापासून विमा कार्डापर्यंत तीच चूक मागे लागते.

जन्मगावाची काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे नवरा-बायकोच्या कागदांवर एक आणि मुलांच्या कागदांवर दुसरं असणं साहजिक आहे. विचारलं तर सांगायचं, त्यासाठी कागद बदलत बसू नका.

जन्मदाखला जुना, हाताने लिहिलेला, नुसता कन्नडमध्ये असेल तर महापालिकेतून (गावी जन्म असेल तर तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणीतून) कन्नड-इंग्रजी दोन्ही असलेली संगणकीय प्रत काढा. आई आणि वडील दोघांचीही नावं त्यावर हवीत. इंग्रजीतून जर्मन करणारे शपथबद्ध अनुवादक तिकडे गावोगावी आहेत, कन्नडमधून करणारा सहजी मिळत नाही. लग्न नुसतं मंगल कार्यालयात झालं असेल आणि नोंदणी राहिली असेल तर सब-रजिस्ट्रारकडे आत्ताच करून घ्या. तो दाखला व्हिसालाही लागतो आणि तिकडे करवर्ग (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट) बदलायलाही.

निपाणीकर
त्याला जोडून एक. व्हिसा कुठे, हे राहत्या पत्त्यावर ठरतं. कर्नाटक आणि केरळ बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीकडे, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे. म्हणजे निपाणीचा माणूस बेंगळुरूला आणि पलीकडचा कागलचा मुंबईला. मुंबई जवळ पडते म्हणून कोल्हापूरच्या नातेवाइकाचा पत्ता लावायच्या फंदात पडू नका, राहण्याचा पुरावा मागतात आणि अर्ज तिथेच परत येतो. वकिलातीची जी यादी आहे तिच्याच क्रमाने कागद लावा. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी ए-१ म्हणजे पहिल्या पातळीच्या जर्मन परीक्षेची अट नाही. तरी ताई, भाषा इथूनच सुरू करा, मुलाच्या शाळेसाठी तुम्हालाच ती लागणार.

खानापूर रोड
एकदम की मागाहून, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी नवऱ्याने जावं, तुम्ही दोन-तीन महिन्यांनी. कारण घर.

तिकडे पहिलं घर बहुधा थोड्या दिवसांसाठीचं, सामानासकट असलेलं मिळतं. ते घेताना एकच प्रश्न आधी विचारायचा: या पत्त्यावर 'आनमेल्डुंग' होईल का? म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. हॉटेल किंवा सुट्टीतलं घर असेल तर हा कागद बहुधा मिळत नाही. नोंदणी नाही तर कर क्रमांक येत नाही, कर क्रमांक नाही तर कंपनी सहाव्या करवर्गात पगार कापते, आणि तो वर्ग सगळ्यांत जास्त कापणारा. कापलेलं नंतर परत मिळतं, पण पहिल्या महिन्याला हातात कमी येतं आणि नेमका तेव्हाच खर्च जास्त असतो.

आता एक अगदी बारीक गोष्ट. तिकडे बहुतेकदा फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन खाली पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. कर क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, परवान्याचं पत्र, सगळं पोस्टानेच येतं. पेटीवर आडनाव नसेल तर पत्र 'पत्त्यावर सापडले नाहीत' असा शेरा मारून परत. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर पेटीवर दोन्ही आडनावं लावायची, एकाखाली एक. पहिल्याच दिवशी कागदावर लिहून चिकटपट्टीने लावा, पाटी नंतर करा.

कायमचं घर शोधताना खोल्यांचा हिशोब वेगळा आहे. 'तीन खोल्यांचं' म्हणजे आपल्या भाषेत टू बीएचके, स्वयंपाकघर आणि बाथरूम त्यात मोजत नाहीत. 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं, 'वार्ममीटे' म्हणजे पाणी, कचरा, गरम करण्याचा खर्च धरून. विजेचं बिल बहुतेकदा त्यावरही वेगळं. गरम करण्याची रक्कम अंदाजाने घेतात आणि वर्षाअखेर हिशोब होतो. पहिल्या हिवाळ्यात खिडकी उघडी आणि रेडिएटर चालू ठेवला तर काही शे युरोंचं बिल मागाहून येतं.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी, आणि कायद्याने ती तीन समान हप्त्यांत द्यायची सोय आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना. एजंटाला ज्याने काम सांगितलं त्यानेच पैसे द्यायचे असा २०१५ पासून नियम आहे, म्हणजे मालकाच्या एजंटाने तुमच्याकडे कमिशन मागितलं तर देऊ नका. 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल' म्हणणारा शंभर टक्के लबाड. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही नाही.

शूफा म्हणजे पत-अहवाल नव्या माणसाकडे नसतो. त्याऐवजी नोकरीचा करार, कंपनीचं पत्र, पगाराच्या पावत्या (एक-दोन जमल्या की घर मिळणं सोपं होतं, म्हणून तर आधी एकट्याने जावं) आणि चौघांची माहिती एका पानावर, असं एकत्र करून द्या. आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसत्या चार भिंती आणि नळाचं तोंड. ओटा, शेगडी, सिंक आपण आणायचं. जाणारा भाडेकरू आपलं विकत असेल तर तेच घेणं परवडतं.

वडगावची
हे पत्रपेटीचं कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव आहे. पैसे साधारण किती लागतील?

शहापूरचा हिशोबनीस
उदाहरण धरून सांगतो. काल्टमीटे १,२०० युरो धरली तर वार्ममीटे साधारण १,५००, अनामत ३,६००. त्यात तात्पुरत्या घराचं भाडं, जुनं स्वयंपाकघर, गाद्या, हिवाळी कपडे, आणि पगार महिनाअखेर. चार जणांसाठी १० ते १२ हजार युरो हाताशी असले की घाईत वाईट घर घ्यावं लागत नाही.

हे सगळं नोटांत नेऊ नका. नोटा दर प्रवासाला ३,००० डॉलरच्या बरोबरीपर्यंतच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर किंवा बँकेतून. बँकेतून पाठवताना एका माणसाचे आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही, त्यावरच्या रकमेवर अशा कामासाठी २० टक्के. म्हणजे एकट्याच्या नावाने १२ लाख पाठवले तर ४० हजार अडकतात. विवरणपत्रात ते परत मिळतात, पण तोवर गेलेच. तुमचं स्वतःचं खातं आणि पॅन असेल तर थोडे तुमच्या नावाने पाठवा.

इथल्या खात्यांचं: नोकरीसाठी देश सोडला की साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं करायचं. उसाचं बिल, फ्लॅटचं भाडं, कर्जाचा हप्ता, सगळं त्याच खात्यातून. तिकडून पाठवलेल्या पैशांसाठी वेगळं एनआरई. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, नवं उघडता किंवा वाढवता येत नाही.

सोसायटीतल्या ठेवींबद्दल मात्र कळकळीने सांगतो. आपल्याकडे गल्लीगल्लीत सोसायटी आहे, अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून सगळ्यांचे पैसे तिथे. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो तो तिथे नाही, आणि एनआरओ खातंही तिथे होत नाही. संस्थेत काही बिनसलं तर तिच्या दारात रोज जाऊन उभं राहणारा माणूस लागतो, आणि तुम्ही स्टुटगार्टला असणार. मुदत भरेल तशा काढा आणि बँकेत ठेवा. भिशी चालू असेल तर जाण्याआधी पुरी करा.

एनआरई ठेवीवरचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात. जर्मनीत राहणाऱ्याने जगभरचं उत्पन्न तिकडे दाखवायचं असतं, त्यात हे व्याजही आलं. नवरा-बायको मिळून वर्षाला २,००० युरोपर्यंतच्या व्याज-लाभांशावर तिकडे कर नाही, त्यावर लागतो. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्क्यांनी टीडीएस कापते. जर्मनीच्या कर कार्यालयाचा रहिवासी दाखला आणि त्यासोबतचा ठरलेला फॉर्म दिला तर करारानुसार १० टक्के.

निपाणीकर
शेतीचं राहिलं. आहे ती जमीन नावावर राहू शकते, त्यात अडचण नाही. पण अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि विकायची तर ती भारतात राहणाऱ्यालाच. पीएम-किसानचे हप्ते अनिवासींना नाहीत, ते बंद करून घ्या, नाहीतर वसुली येते. कृषी पत्तीनचं (गावच्या शेती सहकारी सोसायटीचं) पीककर्ज फेडून टाका.

मुखत्यारपत्र जाण्याआधी करा. भावाला 'सगळे अधिकार' असं मोघम लिहून देऊ नका. शेत कसणं, उसाचं बिल उचलणं, फ्लॅट भाड्याने देणं, वीज-पाणी-घरपट्टी भरणं, एवढंच आणि स्पष्ट लिहा. विक्रीचा अधिकार त्यात नको. आरटीसी उताऱ्यातले सर्व्हे नंबर त्यात घाला. तिकडे गेल्यावर करायचं म्हटलं तर भारतीय वाणिज्य दूतावासात सही, मग इकडे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरणं, एवढा फेरा पडतो.

आणि मोबाइलचं सिम चालू ठेवा की. ओटीपी सगळे त्यावरच येणार. रोमिंग इथून निघण्याआधी सुरू करून घ्या.

टिळकवाडी
शाळेबद्दल मी लिहिते. शाळा हा तिकडे राज्याचा विषय आहे आणि राज्यं सोळा, त्यामुळे बर्लिनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाचं ऐकून स्टुटगार्टचं ठरवू नका. बर्लिनला प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, स्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात चौथीपर्यंतच. सरकारी शाळेला फी नाही, आणि प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणजे घर ठरलं की शाळा ठरली. घर बघतानाच विचारा की इथली 'ग्रुंडशूले' (प्राथमिक शाळा) कुठली आणि तिच्यात 'फोरबेराइटुंग्सक्लासे' आहे का. बाहेरून आलेल्या, जर्मन न येणाऱ्या मुलांचा तो वर्ग. नसेल तर साध्या वर्गात बसवून वेगळा भाषेचा तास देतात.

तुमच्या मुलाचं वय नाजूक जागी आहे. तिथे चौथीतच पुढची शाळा ठरते: गिम्नासियुम (विद्यापीठाकडे नेणारी), रेआलशूले (दहावीपर्यंतची), गेमाइनशाफ्ट्सशूले (सगळ्या पातळ्यांची मुलं एकत्र). शिक्षकांची शिफारस, आई-वडिलांची इच्छा आणि 'कोम्पास ४' ही चाचणी यांतल्या किमान दोनांनी गिम्नासियुम सांगितलं तर तिथे प्रवेश. वर्षभरात जर्मन शिकून गणिताचे शब्दप्रश्न सोडवणं मुलाला जड जातं, ते त्याच्या बुद्धीचं मोजमाप नव्हे. म्हणून तिसरी झाली असली तरी त्याला तिकडे पुन्हा तिसरीत घाला. वर्ष वाया गेलं असं मानू नका, ते भाषेचं वर्ष आहे. आणि रेआलशूले मिळाली तरी दार बंद होत नाही, दहावीनंतर व्यवसायाकडे झुकलेल्या गिम्नासियुममधून आबिटुर (विद्यापीठात जायला लागणारी शेवटची परीक्षा) करता येतो. आंतरराष्ट्रीय शाळेचा विचार मला पटत नाही. फी मोठी, आणि मूल शेजारच्या पोरांशी बोलायला शिकत नाही.

शाळेतून दाखला आणताना तिन्ही वर्षांची गुणपत्रकं शिक्क्यासकट घ्या, मराठी किंवा कन्नड असतील तर मुख्याध्यापकांकडून इंग्रजी पत्र जोडून घ्या.

मुलीसाठी 'किटा', म्हणजे पाळणाघर-बालवाडी. जागेचा हक्क कायद्याने आहे पण जागा कमी आहेत, म्हणून पत्ता मिळाल्याच्या आठवड्यातच नगरपालिकेत नाव घाला. शाळा आणि किटा दोन्हीकडे गोवराच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात, २०२० पासून ती सक्ती आहे. तायी कार्ड (आई-बाळाचं सरकारी कार्ड, लसींची नोंद त्यावरच) कन्नडमध्ये असतं आणि त्यावर पेनाने खाडाखोड असते. बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर प्रत्येक लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत टाइप करून शिक्का घ्या. दोघांचंही.

शहापूरचा हिशोबनीस
मुलांवरून आठवलं, किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता. २०२६ पासून दर मुलामागे महिन्याला २५९ युरो. अर्ज उशिरा केला तर मागचे सहा महिनेच मिळतात. आणि आरोग्य विमा निवडताना खासगी स्वस्त दिसला तरी सरकारी पद्धतीचाच घ्या. त्यात उत्पन्न नसलेली पत्नी आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. खासगीत प्रत्येकाचा वेगळा हप्ता, आणि परत सरकारीत येणं अवघड.

वडगावची
सगळ्यांचे मनापासून आभार. ठेवींचं उद्याच बघते. एकच विचारते, पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव लावून घेऊ का आता?

उद्यमबाग
नको. व्हिसाची तारीख जवळ असताना पासपोर्ट बदलला तर जुने सगळे कागद नव्या नावाशी जुळवत बसावं लागेल. लग्नाच्या दाखल्यावर तुमचं माहेरचं नाव पासपोर्टसारखंच आहे ना, तेवढं बघा. असेल तर आहे तसं जावा, आणि पेटीवर दोन आडनावं.