नथीचा आकार कागदावर ठरतो की हातात?

प्रश्न:
सुमारे वर्षभर मी घरी तार आणि मोती घेऊन नथी करते आहे. समोर नमुना असला की काम जमते. परंतु मनातला आकार कागदावर रेखाटून तो तारेत उतरवायला घेतला की नथ बेढब होते. अनेक वर्षे दागिने घडवणाऱ्यांना आकार आधी सुचतो, की हातातल्या मोत्यांवरून सुचत जातो?

प्रतिसाद १:
कागदावरच्या नथीला वजन नसते, हीच खरी अडचण आहे. नथ नाकाच्या एका छिद्रावर तोललेली असते, त्यामुळे मोत्यांचा घोस बाहेरच्या बाजूला थोडा जरी जड झाला तरी ती फिरते आणि मधला गुलाबी खडा, जो समोर दिसायला हवा, तो ओठाकडे वळतो. म्हणून मी आधी सुती कापडावर मोती आकारमानानुसार मांडते, खड्याभोवती त्यांचा क्रम दोन-चार वेळा बदलून पाहते आणि मगच तार कापते. अर्धवट झालेली नथ आरशासमोर नाकाशी धरून पाहणे मी कधीही टाळत नाही. तारेलाही मर्यादा असते: तीच तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती कडक होऊन तुटते, त्यामुळे चुका मोत्यांच्या मांडणीतच करून घ्याव्यात.

प्रतिसाद २:
आमच्या घरी कोल्हापुरी साजाचे काम होते. गळ्यातल्या या पारंपरिक दागिन्यात २१ पाने, म्हणजे ओवलेली नक्षीदार पदके, सांगितली जातात आणि त्यांपैकी १० दशावतारांची असतात. म्हणजे काय घडवायचे हे ठरलेलेच असते. तरीही दोन कारागिरांचा मत्स्यावताराच्या पानातला मासा सारखा नसतो. कल्ले किती उठवायचे, शेपटी किती वळवायची, हे ज्याचे त्याचे असते, आणि माझ्या मते कारागिराची कल्पकता तिथेच दिसते. पातळ पत्र्याला उठाव देऊन पोकळीत लाख भरली जाते, कारण आधाराविना पत्रा चेपतो. त्यामुळे लाख नीट बसेल एवढी खोली नक्षी ठरवतानाच धरावी लागते. आपणही एकच जुनी नथ पाच वेळा करून पाहावी, आणि दर वेळी तिच्यातील एकच गोष्ट बदलावी.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या सगळ्या फसलेल्या नथींमध्ये घोस बाहेरच्या बाजूलाच जड आहे, हे आत्ता तपासून पाहिले. आजीच्या नथीचा नमुना घेऊन आज पहिल्यांदा फक्त मोत्यांचा क्रम बदलते आहे.